उंदराच्या मिशा आणि सक्रिय स्पर्श

१

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने उंदराच्या मिशांविषयी लिहावे, हे या पत्रिकेच्या काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. म्हणून या विषयाकडे वळण्याचे कारण आरंभीच सांगितलेले बरे. इंद्रियजन्य ज्ञानाच्या क्रियापदांत मराठीने एक भेद कटाक्षाने पाळला आहे. 'मला झाड दिसले' आणि 'मी झाड पाहिले' ही दोन वाक्ये एकाच प्रसंगाची असू शकतील. पण त्यांची घडण निराळी आहे. पहिल्यात अनुभव घेणारा चतुर्थीत जाऊन बसतो आणि ज्ञान त्याच्याकडे चालून येते. दुसऱ्यात तो कर्ता असतो आणि ज्ञान हे त्याच्या कृतीचे फळ असते. 'ऐकू येणे' व 'ऐकणे', 'वास येणे' व 'हुंगणे' या जोड्याही अशाच आहेत. स्पर्शाच्या बाबतीत 'लागणे' आणि 'चाचपणे' ही जोडी याच जातीची होय. अंधारात हाताला काहीतरी लागते, ही एक गोष्ट. अंधारात फळी चाचपून काडेपेटी काढणे, ही दुसरी.

स्पर्शाचा शास्त्रीय अभ्यास दीर्घकाळ मुख्यत्वे 'लागण्या'चा अभ्यास होता. प्रयोगातील व्यक्ती स्वस्थ बसलेली असे, प्रयोगकर्ता तिच्या त्वचेला टोकदार वस्तू लावी आणि काय जाणवले ते विचारी. १९६२ साली जे. जे. गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सक्रिय स्पर्शावरील आपल्या निबंधात या पद्धतीची उणीव स्पष्टपणे दाखवून दिली. हाताला वस्तू लावणे आणि हाताने वस्तू धुंडाळणे या दोन क्रियांतून मिळणारे ज्ञान सारखे नसते, हा त्याचा मुद्दा होता. या मुद्द्याची शरीरशास्त्राच्या पातळीवरील सर्वांत बारीक तपासणी ज्या इंद्रियांवर झाली, त्यांत उंदराच्या मिशांची गणना प्रामुख्याने करावी लागते. वस्तू कोठे आहे हे उंदीर मिशांनी कसे जाणतो, आणि 'चाचपणे' हे क्रियापद येथे नुसते अलंकारिक नसून शब्दशः का खरे आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिभाषेविषयी दोन शब्द. मराठीत 'उंदीर' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या प्रजातींना लावला जातो. प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर हा रॅटस नॉर्वेजिकस या मोठ्या जातीचा. घराघरांतून वावरणारा पिटुकला प्राणी मस मस्क्युलस या जातीचा. येथे पहिल्यास 'उंदीर' व दुसऱ्यास 'लहान उंदीर' असे म्हटले आहे. 'मिशी' या शब्दात पुरुषाच्या चेहऱ्याचा आणि शोभेचा भाव आहे. उंदरात मात्र नर व मादी या दोहोंनाही मिशा असतात, आणि शोभेशी त्यांचा संबंध नाही. त्यामुळे यापुढे त्या केसांना 'स्पर्शरोम' किंवा नुसते 'रोम' म्हणणे सोयीचे होईल. प्राणिशास्त्रात रूढ झालेला व्हायब्रिसी हा लॅटिन शब्द मुळात माणसाच्या नाकपुडीतील केसांचा वाचक होता, आणि थरथरणे या अर्थाच्या धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. उंदराच्या बाबतीत हे नाव अन्वर्थक ठरले; कारण त्याचे स्पर्शरोम क्वचितच स्थिर असतात.

२

उंदराच्या नाकाच्या प्रत्येक बाजूस सुमारे तीस मोठे स्पर्शरोम असतात. त्यांची मांडणी यदृच्छेने झालेली नसते. वरून खाली पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीत मागून पुढे क्रमाने आखूड होत जाणारे रोम, असा हा आराखडा आहे. मागचे लांब रोम पाच सेंटिमीटरच्या आसपास भरतात. तोंडाजवळचे अगदी तोकडे असतात. वरच्या ओळींत रोम थोडे आणि खालच्या ओळींत अधिक असतात. हा आराखडा एका जातीच्या सर्व प्राण्यांत इतका सारखा असतो की, ओळीला अक्षर आणि ओळीतील स्थानाला अंक देऊन प्रत्येक रोमाचे नाव ठरविता येते. 'सी-२' हा रोम म्हटला की जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत तोच रोम अभिप्रेत असतो. आपल्या वर्णमालेतील स्पर्शवर्णांचा पाच वर्गांचा तक्ता ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

रोम स्वतः निर्जीव असतो. आपल्या नखाप्रमाणे तो केराटिनाचा बनलेला असून त्यात एकही मज्जातंतू नसतो. तो मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला असतो. जाणीव उत्पन्न होते ती त्याच्या मुळाशी, रोमकूपात. हा रोमकूप सामान्य केसाच्या कूपाहून पुष्कळ मोठा असून त्याच्याभोवती रक्ताने भरलेली पोकळी असते, आणि त्यात शे-दोनशे मज्जातंतूंची टोके येऊन पोहोचलेली असतात. वस्तूला टेकते ते रोमाचे अंग. कळते ते त्याच्या मुळाला. अंध व्यक्तीच्या काठीत मज्जातंतू नसतात, तरी काठीच्या टोकाशी पायरी आहे हे तिला कळते, तसेच हे आहे. भेद इतकाच की, उंदराजवळ अशा साठ काठ्या असतात, आणि त्या सर्व एकाच वेळी हलत असतात.

हे हलणे हा या विषयाचा गाभा होय. प्रत्येक मोठ्या रोमकूपाभोवती एका लहानशा स्नायूचा फास असतो. तो आकुंचन पावला की कूपाचे बूड मागे ओढले जाते आणि रोमाचे टोक पुढे झेपावते. वल्ह्याची मूठ मागे ओढली असता पाते पुढे जाते, त्याप्रमाणे. शोधक वृत्तीने हिंडणारा उंदीर सेकंदास साधारण पाच ते दहा वेळा आपले रोम असे मागेपुढे फिरवितो. लहान उंदरात हा वेग याहून अधिक असतो. या क्रियेस आपण 'रोमचालन' म्हणू. १९६४ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील वेल्कर याने चलच्चित्रांच्या साहाय्याने हुंगणे, रोमचालन आणि डोक्याची हालचाल या तिन्ही क्रिया एका तालात चालतात असे दाखविले. त्या तालाचे एक केंद्र मस्तिष्कस्तंभात श्वसनाच्या केंद्राशेजारी असून त्याच्याशी जोडलेले आहे, हे २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी प्रसिद्ध केले. हुंगणे आणि चाचपणे ही उंदराच्या बाबतीत एकाच शोधक्रियेची दोन अंगे आहेत, असे म्हणावयास यामुळे शारीरिक आधार मिळाला.

रोमचालन हे यांत्रिक आंदोलनही नव्हे. २००७ साली शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखविले की, एका बाजूचे रोम भिंतीला टेकताच त्या बाजूचा फेर आवरता घेतला जातो आणि दुसऱ्या बाजूचा फेर वाढतो. परिणामी वस्तूवर फार दाब पडत नाही, आणि तरीही जास्तीत जास्त रोम तिला हलकेच स्पर्श करतात. अंधारात काचेचे भांडे शोधणारा माणूस असेच करतो.

३

आता मुख्य प्रश्न असा की, रोम वस्तूला टेकला एवढ्यावरून ती वस्तू कोठे आहे हे कसे समजावे? अवकाशातील स्थान निश्चित करण्यास तीन माने लागतात: वर-खाली, पुढे-मागे आणि जवळ-दूर. उपलब्ध पुरावा असे सुचवितो की, उंदराचे मज्जातंत्र ही तीन माने तीन निरनिराळ्या उपायांनी मिळविते.

पहिले मान सर्वांत सोपे आहे. रोमचालन मुख्यतः मागेपुढे होत असल्यामुळे प्रत्येक ओळ आपल्या उंचीवरच राहते. म्हणून वरच्या ओळीचा रोम टेकला तर वस्तू वर, खालच्या ओळीचा टेकला तर वस्तू खाली. संदेश कोणत्या रोमाकडून आला, एवढे कळले की उंचीचे उत्तर मिळाले.

दुसऱ्या मानाच्या बाबतीत हा उपाय अपुरा पडतो. एकच रोम एका फेरीत पुष्कळ अंतर झाडून घेतो, आणि एका ओळीतील रोमांचे फेर एकमेकांवर चढतात. 'सी-२' रोम टेकला, यावरून वस्तू त्या फेराच्या आरंभी आहे की शेवटी हे ठरत नाही. ते ठरविण्यास रोम टेकला त्या क्षणी तो आपल्या फेरीत कोठवर आला होता हे ठाऊक असावे लागते. म्हणजे येथे 'कोणता' या प्रश्नाला 'केव्हा' या प्रश्नाची जोड द्यावी लागते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील अहिसार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली या दृष्टीने महत्त्वाची निरीक्षणे प्रसिद्ध केली. गुंगीत असलेल्या उंदराच्या चेहऱ्याच्या चालक मज्जातंतूस विद्युत्प्रवाहाने उद्दीपित करून त्यांनी रोमचालन कृत्रिम रीतीने घडवून आणले, आणि रोमकूपांकडून येणाऱ्या मज्जापेशींचे आवेग नोंदविले. काही पेशी वस्तू असो वा नसो, केवळ रोमाच्या फिरण्याला प्रतिसाद देत होत्या. काही पेशी टेकण्याच्या क्षणाला, काही दाबले जाण्याला आणि काही सुटण्याला प्रतिसाद देत होत्या. पहिल्या प्रकारच्या पेशी वस्तूविषयी काहीच सांगत नाहीत. त्या सांगतात ते उंदराच्या स्वतःच्या कृतीविषयी. परंतु त्यांच्यावाचून टेकण्याच्या क्षणाचा अर्थ लागणार नाही. टेकण्याची वेळ फेरीच्या घड्याळाशी ताडून पाहिली तरच पुढे-मागे हे मान हाती येते.

ही केवळ शक्यता नव्हे. याच गटाने २००६ साली शिकविलेल्या उंदरांपुढे दोन्ही बाजूंस एकेक उभी सळई ठेवून, कोणती सळई अधिक पुढे आहे हे ओळखण्याचा प्रयोग केला. एक मिलिमीटरहून कमी असलेला फरकही उंदरांना ओळखता आला. दोन शेजारच्या रोमांमधील अंतर याहून कितीतरी अधिक असते. म्हणजे नुसत्या 'कोणत्या रोमाला लागले' या माहितीवरून ही सूक्ष्मता साधणे शक्य नव्हते. २००७ साली सॅन डिएगो येथील प्रयोगात एकच रोम शिल्लक ठेवलेल्या उंदरांनाही पुढे-मागे ही स्थाने ओळखता आली.

तिसरे मान अंतराचे. येथे रोमाचा निमुळता आकार उपयोगी पडतो. वस्तू मुळाजवळ टेकली तर रोमाचा जाड भाग वाकवावा लागतो आणि मुळावर जोराचा ताण पडतो. टोकाजवळ टेकली तर बारीक टोक सहज वाकते व मुळावरील ताण कमी राहतो. रोम किती फिरला आणि त्या मानाने ताण किती वाढला, यांच्या गुणोत्तरावरून अंतर काढता येते. हे तत्त्व पुरेसे आहे याचा पडताळा २००६ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सॉलोमन आणि हार्टमन यांनी यंत्राने घेतला. पोलादी तारांचे कृत्रिम रोम एका लहान घडीव मुखाकृतीवरून फिरवून, तारांच्या मुळाशी पडणाऱ्या ताणाच्या मोजमापांवरून त्या मुखाचा आकार त्यांनी पुन्हा उभा केला. उंदराचा मेंदू हेच गणित करतो असे यावरून सिद्ध होत नाही. अशा प्रकारे अंतर कळणे शक्य आहे, इतकेच सिद्ध होते. आणि तेही थोडे नव्हे.

या ठिकाणी आपल्या प्रातिशाख्यकारांनी वर्णोच्चाराचे जे विश्लेषण केले त्याचे स्मरण होते. 'क' पासून 'म' पर्यंतच्या पंचवीस वर्णांना त्यांनी 'स्पर्श' हेच नाव दिले, आणि उच्चाराचे वर्णन करताना स्थान, करण व प्रयत्न या तीन गोष्टी वेगळ्या केल्या. जेथे स्पर्श होतो ते स्थान. ज्याने स्पर्श केला जातो ते करण. आणि जी चेष्टा केली जाते तो प्रयत्न. उंदराच्या बाबतीत स्थान हे अज्ञात असते व तेच शोधावयाचे असते. त्यासाठी करण, म्हणजे कोणता रोम, आणि प्रयत्न, म्हणजे तो कसा व कोठवर फिरविला, या दोन गोष्टी ज्ञात असाव्या लागतात. स्पर्शाच्या अनेक जुन्या प्रयोगांत करण होते, स्थान होते. प्रयत्न मात्र प्रयोगकर्त्याकडे गेलेला होता.

४

स्वतःच्या प्रयत्नाची माहिती मेंदूला कशी मिळते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपला हात कोठे आहे हे आपल्याला कळते, त्यात स्नायूंमधील ताणमापक अवयवांचा मोठा वाटा असतो. रोम फिरविणाऱ्या स्नायूंत असे अवयव जवळजवळ आढळत नाहीत. १९५० साली फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट या जर्मन शास्त्रज्ञांनी असे तत्त्व मांडले होते की, प्राण्याच्या स्वतःच्या हालचालीमुळे उत्पन्न होणारी संवेदना आणि बाह्य कारणाने उत्पन्न होणारी संवेदना यांचा भेद मज्जातंत्राला करावाच लागतो, आणि त्यासाठी दिलेल्या आज्ञेची नोंद ठेवावी लागते. उंदराच्या बाबतीत आणखी एक साधन दिसते. रोम हवेत फिरत असतानाच त्याच्या मुळातील काही मज्जातंतू त्या फिरण्याची वार्ता देत असतात. वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारच्या पेशी त्या याच. स्पर्शाचे इंद्रिय वस्तूची खबर आणते, आणि स्वतःचीही.

ही वार्ता पाचव्या मस्तिष्कमज्जातंतूवाटे, म्हणजे त्रिशाखी मज्जातंतूवाटे, मस्तिष्कस्तंभात जाते. तेथून ती बाजू ओलांडून थॅलॅमसमध्ये आणि शेवटी विरुद्ध बाजूच्या मस्तिष्क-बाह्यकात पोहोचते. १९७० साली बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वूल्सी आणि फान देर लोस यांनी लहान उंदराच्या बाह्यकाच्या चौथ्या थरात पेशींचे वर्तुळाकार पुंज दाखवून दिले आणि त्यांच्या आकारावरून त्यांना 'पिंपे' असे नाव दिले. या पिंपांच्या पाच मोठ्या ओळी होत्या, आणि त्या चेहऱ्यावरील रोमांच्या ओळींशी जुळत होत्या: एका रोमास एक पिंप. १९७३ साली याच दोघांनी नवजात पिलांच्या ठरावीक रोमकूपांचा नाश करून पाहिले, तेव्हा त्या रोमांची पिंपे नीट घडत नाहीत असे आढळले. बाह्यकातील हा नकाशा घडण्यास चेहऱ्याकडून येणारे साहाय्य आवश्यक असते, असे यावरून दिसते.

या शोधाला एक उद्बोधक पूर्वपीठिका आहे. लोरेंते दे नो या स्पॅनिश संशोधकाने १९२२ सालीच लहान उंदराच्या बाह्यकातील या पुंजांचे वर्णन केले होते. पण तो भाग श्रवणाचा आहे अशी त्याची समजूत होती. आकृती डोळ्यांसमोर होती. ती कशाची आकृती आहे हे रोमांशी तुलना होईपर्यंत कळले नाही. अपरिचित लिपीतील शिलालेखाचे निर्दोष ठसे घेऊनही वाचन न साधण्यासारखाच हा प्रकार होय.

तथापि पिंपांच्या नकाशाचे मोल वाजवीपेक्षा अधिक लावू नये. त्यातून पहिल्या मानाचे, म्हणजे 'कोणता रोम' याचे, उत्तर सुबकपणे मिळते. परंतु 'केव्हा' आणि 'किती जोराने' ही उत्तरे नकाशात रेखाटलेली नसतात. ती आवेगांच्या कालक्रमात आणि संख्येत असतात. शिवाय प्रत्येक पिंपातील पेशी आपल्या मुख्य रोमाखेरीज शेजारच्या रोमांनाही कमीअधिक प्रतिसाद देतात. नकाशा डोळ्यांना दिसतो म्हणून तेवढेच ज्ञान, असे मानण्याचा मोह येथे आवरला पाहिजे.

५

अलीकडे 'मज्जातंतूंची भाषा', 'मेंदूची लिपी' असे शब्दप्रयोग सर्रास होतात. भाषाशास्त्राचा अध्यापक या नात्याने त्यांविषयी थोडे लिहिणे कर्तव्य आहे. भाषेतील चिन्ह रूढीने सिद्ध होते. बोलणारा आणि ऐकणारा अशा दोन पक्षांत ते मान्य झालेले असते. रोमकूपातून निघणाऱ्या आवेगामागे अशी रूढी नाही, आणि तेथे दोन पक्षही नाहीत. त्यामुळे 'भाषा' हा शब्द येथे लक्षणेनेच घ्यावयाचा. तरीही एक साम्य केवळ लाक्षणिक नाही. एखादा ध्वनी सुटा घेतला तर त्याला अर्थ नसतो. व्यवस्थेतील इतर ध्वनींशी असलेल्या भेदामुळे त्याला मूल्य येते. त्याचप्रमाणे एका मज्जातंतूतील एक आवेग दुसऱ्या तंतूतील आवेगासारखाच असतो. तो कोणत्या रोमाचा, फेरीच्या कोणत्या क्षणाचा आणि किती आवेगांच्या सोबतीने आलेला, यावरून त्याचे मूल्य ठरते.

या प्रश्नात केवळ सैद्धांतिक कुतूहल गुंतलेले नाही. रोमांविषयीचे आपले पुष्कळसे ज्ञान गुंगी दिलेल्या, निश्चल प्राण्याचा रोम बाहेरून हलवून मिळविलेले आहे. ते ज्ञान खोटे नाही; परंतु ते 'लागण्या'चे ज्ञान आहे. जागा उंदीर काय करू शकतो हे प्रयोगांनी वारंवार दाखविले आहे. १९१२ साली शिकागो येथे स्टेला व्हिन्सेंट हिने पांढऱ्या उंदरांच्या वर्तनातील रोमांचे कार्य तपासून, रोम काढलेले उंदीर चक्रव्यूहात अधिक चुकतात असे नोंदविले. १९८६ साली हटसन आणि मास्टरटन यांनी अंधारात दोन फळ्यांमधील खिंडार ओलांडणाऱ्या उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा पलीकडची कड गवसण्यास एक रोमही पुरेसा होतो असे दिसले. १९९० साली कार्व्हेल आणि सायमन्स यांच्या प्रयोगातील उंदरांनी गुळगुळीत पृष्ठ आणि सुमारे ३० मायक्रॉन खोलीच्या, ९० मायक्रॉन अंतरावरील चरांचे पृष्ठ यांतील भेद रोमांनी ओळखला. ही कामगिरी प्राण्याला स्वतःचे रोम स्वतः फिरवू दिल्यामुळेच नजरेस आली. आपल्या क्षेत्रातही यादीतून वाचून घेतलेल्या सुट्या शब्दांवरून बोलीचे वर्णन करणाऱ्यांनी या अनुभवाचा विचार करावा. वक्त्याचा प्रयत्न आपण आपल्याकडे घेतला, तर त्याच्या बोलण्यातील काय गळून पडले हे आपल्या टिपणांतून कळत नाही.

या विषयावरील शोधनिबंध वाचू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक निबंधाला तीन प्रश्न विचारून मगच निष्कर्षाकडे वळावे. प्राणी जागा होता काय, आणि रोम त्याने फिरविले की इतर कोणी? किती रोम शिल्लक ठेवले होते, आणि कोणते? उजेड होता की अंधार? एखाद्या निबंधातील निष्कर्ष दुसऱ्याशी विसंगत वाटला, तर त्याचे कारण पुष्कळदा या तीन उत्तरांतच सापडेल.